तिघांची संमती

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल होतं. न्यायालयातल्या बाकावर आजी मुद्दाम टोकाला बसली होती. जिन्यावरून कोण येतं ते तिथून दिसायचं.

"येईल ना हो ती?"

"येईल," आजोबा म्हणाले. सात वर्षांची ठकी त्यांच्या मांडीवर डोकं टेकून पेंगत होती.

मुलगा गेला आणि आजीला ही नातच काय ती उरली. सून परिचारिका, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. ठकी आजीकडेच वाढत होती. आता आजीला तिला रीतसर दत्तक घ्यायचं होतं. उद्या सुनेनं दुसरं लग्न केलं तरी पोर हातची जायला नको. सुनेला राजी करता करता आजीच्या नाकी नऊ आले होते.

वकीलबाईंनी पुन्हा समजावलं. "आई, आजी, आजोबा, तिघांची संमती लागेल. एकेकाला आत बोलावून विचारतील, कोणाचा दबाव नको म्हणून. कोण काय म्हणालं ते बाहेर सांगत नाहीत."

"यांना कशाला विचारायचं? जन्मभर बस चालवली यांनी. मी घंटा मारली की निघतात."

आजोबा हसले.

एवढ्यात सून आली, रात्रपाळीच्याच कपड्यांत. ठकी ताडकन उठली. पण धावली नाही. तिनं आजीकडे पाहिलं.

"जाऊ का?"

"जा. पण लगेच ये."

आजोबा खिडकीबाहेर बघू लागले.

"आत गेल्यावर रडत बसू नकोस," आजी सुनेला म्हणाली. "विचारलं की हो म्हणायचं."

"हो, आई."

"इथे नाही गं, आत म्हण."

आजी आत गेली तशी बाहेर आली. आजोबांना वेळ लागला. "ऐकू कमी येतं त्यांना," आजीनं वकीलबाईंना सांगितलं. शेवटी सून गेली. परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती कोणाकडेच बघत नव्हती.

दुपारी सगळ्यांना आत बोलावलं.

"एक संमती मिळालेली नाही," न्यायाधीश म्हणाले. "अर्ज नामंजूर. मुलगी आईकडे राहील."

बाहेर येताच आजी सुनेसमोर उभी राहिली. "केसानं गळा कापलास माझा."

सुनेनं काही बोलायला तोंड उघडलं. आजोबांकडे पाहिलं. मग ठकीचा हात धरला आणि जिना उतरली.

आजी पुढे तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. ठकी सुट्टीत यायची, तेव्हा सून तिला फाटकाशी सोडून परत फिरायची. वकीलबाई स्वतः न्यायाधीश झाल्या. आजोबा गेले, काही वर्षांनी आजी गेली. सुनेनं दुसरं लग्न केलंच नाही. ठकी शिक्षिका झाली, तिला मुलगी झाली.

बाळंतपणाला आलेल्या आईला तिनं एकदा विचारलं, "आजीपुढे आवाज चढत नव्हता तुझा. त्या दिवशी नाही म्हणायचं धाडस कुठून आलं गं?"

आई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"मी हो म्हणाले होते," ती म्हणाली. "नाही म्हणाले ते तुझे आजोबा."