मधलं दार

आमचे हे होते तेव्हाच पुढच्या खोल्या भाड्याने दिल्या. म्हणाले, "पुढच्यांना भाडं चांगलं येतं. आपण मागे राहू, मागचं दार आहेच." नंतर शेजाऱ्याने त्या दाराला लागून भिंत घातली. तेव्हापासून बाहेर जायचं तर मधल्या दारावर टकटक करायची आणि भाडेकरणीच्या खोलीतून जायचं.

आज ती माणसं लग्नाला गेली, सवयीने पुढे कुलूप लावून. भाडेकरीण फोनवर म्हणते, "काकू, तुम्ही आत आहात हे विसरलेच बघा. उद्या येतोच."

भाची आली, ती खिडकीबाहेरच उभी राहिली. तिला भाड्याने द्यायला घर घ्यायचंय. "मावशी, भाडेकरू कसा निवडायचा गं?"

"भाडेकरू कुणीही ठेव. दार आपल्याकडे ठेव."

तिने आणलेली केळ्यांची फणी गजांतून आत येईना. मग ती एकेक केळं तोडून देत राहिली आणि मी घेत राहिले.