दुसरं अंडं

गजबजलेल्या किनाऱ्यांवर सगळे जोडीनं हिंडतात, म्हणून विल्फ्रेड आस्क्यूनं यंदाच्या सुट्टीसाठी हे निवांत गाव शोधून काढलं होतं. जन्मभर तो एकटाच. पहिल्याच दिवशी गेस्टहाऊसच्या मालकीण ट्रँटरबाईंनी विचारलं, "मिसेस मागून येतायत वाटतं?"

बाईंना चुकीचं ठरवणं त्याच्या जिवावर आलं. "हो," तो पुटपुटला.

झालं! मिसेस कधीही येतील म्हणून रोज नाश्त्याला दोन कप चहा, दोन उकडलेली अंडी. आता खरं सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? दुसरं अंडं तो गुपचूप खिशात घालायचा आणि धक्क्यावर पक्ष्यांना टाकायचा.

पाचव्या दिवशी त्याला उठायला उशीर झाला. खाली आला तर त्याचं अंडं तसंच होतं. समोरच्या बशीत मात्र नुसतं टरफल होतं, नीट पालथं घातलेलं. चमचा अजून ओला होता.

"किती वाट बघायला लावलीत हो बिचारीला!" ट्रँटरबाई म्हणाल्या. "आत्ताच वर गेल्या, तुमची बॅग रिकामी करायला."

वरच्या खोलीत कपाटाचं दार करकरलं.

"आता कायमचं इथंच राहणार, म्हणाल्या. खरं ना?"

याही वेळी बाईंना चुकीचं ठरवणं विल्फ्रेडच्या जिवावर आलं.