वायरीचा तुकडा

"चार महिने झाले भाऊ, एकदासुद्धा पडलं नाही बघा!"

पाळणाघरवाल्या बाईंनी पायरीवरनंच आवाज दिला. विजेच्या सामानाच्या दुकानात शेठ होता आणि काउंटरला रेलून दुपारचा चहा पीत तीन वायरमन.

"काय पडलं नाही, ताई?" एकानं विचारलं.

"अहो, ते बटण. एसी आणि गिझर एकदम लावला की फटकन पडायचं. पोरं उकाड्यानं रडायची. या भाऊंनी सोळा अँपच्या जागी बत्तीसचं दिलं. तेव्हापासनं सुख आहे. दोन मिनिटांत दुखणं ओळखलं हो यांनी!"

एका वायरमनचा कप तोंडाशी गेला होता, तो तिथंच थांबला.

शेठच्या डोक्यावर एक पाटी टांगलेली होती. अक्षर त्याचंच, वाकडंतिकडं. 'मोठं एमसीबी पाहिजे तर आधी वायरीचा तुकडा दाखवा.' वायर बारीक आणि एमसीबीचं बटण मोठं, म्हणजे बटण पडायचं बंद होतं आणि वायर तापायला लागते, तीही भिंतीच्या आत, कुणाला न दिसता. हे शेठनं निम्म्या गावातल्या वायरमनांच्या डोक्यात हाणून हाणून बसवलेलं. त्या तिघांतला एक पक्कड. चाळिशीचा बाप्या, पण हातातली पक्कड सुटत नाही म्हणून नाव तेच पडलेलं. त्याला शेठनं गेल्याच आठवड्यात भर दुकानात झापला होता. "वायर न बघता बत्तीस मागतोस? मग राख भरायला पोतं पण घेऊन जा!" सगळे हसले होते. पक्कड नव्हता हसला.

आणि चार महिन्यांमागं बाईंना बटण देताना शेठनं काय केलं होतं? बिल्डरचा माणूस हातभर यादी घेऊन समोर बसला होता. बाई मागनं सारख्या "भाऊ, भाऊ" करत होत्या. शेठनं वर न बघता बत्तीसचं बटण काढलं आणि सरकवलं. वायर विचारलीच नाही.

"आता बाहेरच्या खोलीला पण तसलंच द्या," बाई म्हणाल्या. "आणि यावेळी मी पाटी वाचून आलेय हां!" त्यांनी रुमालाची गाठ सोडली. "शेजारच्यांनी मेन बंद करून एसीच्या पॉइंटमागनं कापून दिला, वायर परत जोडून. सगळ्या घरात हीच वायर आहे."

बोटभर तुकडा. शेठच्या आधी पक्कडनं उचलला. दीड एमएमची, बारीक वायर. मूळची लाल, आता तपकिरी. त्यानं जरा वाकवली, तर वरचं प्लास्टिक कडकन तडकलं. त्यानं नाकाशी नेली आणि शेठपुढं ठेवली.

"वास येतो का हो घरात?" शेठनं विचारलं.

"येतो मधनं मधनं. आम्हाला वाटायचं, दूध करपलं."

शेठनं तुकडा बाजूला सरकवला. "ताई, ते... तो लॉटच खराब आला होता. कंपनीकडनं. बदलून देतो मी."

"अगंबाई! मग त्यात तुमचा काय दोष? उलट सांगितलंत तरी. दुसरा कुणी बोललाही नसता."

शेठनं मान वर केली नाही. आता पक्कड बोलणार. बोलावंच त्यानं, हक्कच होता त्याचा.

"हो ताई," पक्कड म्हणाला. "लॉट खराबच होता. मला पण दोन आले तसले."

कुणी हसलं नाही. कुणी शेठकडं बघितलंही नाही. तिघंही रिकाम्या कपात बघत बसले. भर दुकानात कानाखाली वाजवली असती, तर शेठला बरं वाटलं असतं.

"घरी कोण आहे आत्ता?" त्यानं विचारलं.

"नणंद आहे. चौदा मुलं झोपलीत. एसी लावूनच आले."

"फोन लावा. मेन बंद करा म्हणावं आणि पोरांना अंगणात घ्या."

"अहो, आत्ताच झोपलीत. उकडेल त्यांना."

"उकडू दे! लावा आधी!"

बाईंनी फोन लावला. नणंदेशी बोलताना त्यांची नजर त्या तुकड्यावर गेली, तिथनं पाटीवर, आणि पाटीवरनं शेठवर. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"लॉट चांगला होता, ताई," शेठ म्हणाला. "मी वायर विचारली नाही. घाईत होतो."

बाई केबलच्या ड्रमवर टेकल्या. रुमालाची घडी घालत राहिल्या.

"चार महिने मी सगळ्यांना तुमचं नाव सांगतेय," त्या म्हणाल्या. मग अगदी साधेपणानं, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं, "आता तुम्ही जे द्याल, ते बरोबर आहे का, हे मी कुणाला विचारू?"

शेठनं पक्कडकडं बघितलं. पक्कडनं कप खाली ठेवला, तुकडा खिशात घातला आणि हत्यारांच्या पिशवीला हात घातला.

"राहू दे," शेठ म्हणाला.

त्यानं चार एमएमच्या जाड वायरीचं बंडल बगलेत मारलं, खाली वाकून ती जड पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि दुकान तसंच उघडं टाकून पक्कडच्या मागं पाळणाघराकडं चालायला लागला.