पाच सेकंद दाबून धरा

"एकदाच दाबायचं. दाब आणि सोड. यातला कुठला शब्द जड जातोय तुला?" साहेबांनी विचारलं.

पाणबुड्याने गेमच्या कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं आणि सोडलं. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. टॅबलेटवर मात्र मघापासूनचं तेच वाक्य: कंट्रोलर जोडलेला नाही.

रस्त्याच्या मधोमध गटाराचं झाकण उघडं होतं. शेजारी नवं यंत्र बसलं होतं. बॅगेएवढं, खाली पट्ट्याची चाकं, पुढे कॅमेरा आणि एक पंजा. पाणबुड्याने आणि त्याच्या मेहुण्याने त्याचं नाव खेकडा ठेवलं होतं. गटारात उतरून गाळ काढायचा तो आता खेकड्याने, पाणबुड्याने त्याला वरून चालवायचं. खेकडा टॅबलेटचं ऐकतो, टॅबलेट कंट्रोलरचं ऐकतो. सध्या कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं.

खेकडा नसता तर एव्हाना पाणबुड्या कमरेला दोरी बांधून स्वतःच खाली गेला असता. दोरीचं दुसरं टोक धरायला त्याचा मेहुणा. मागच्या खेपेला मेहुण्याने त्याला ओढून वर काढलं, तेव्हा पाणबुड्या त्यालाच विचारत होता, "माझ्या बायकोचं नाव काय रे?"

"दाजी, या पुस्तिकेत लिहिलंय, पाच सेकंद दाबून धरा," मेहुणा म्हणाला.

"पुस्तिका अडाण्यांसाठी असते," साहेब म्हणाले. "मी हे महिनाभर घरी नेऊन तपासलंय."

"अख्खं यंत्र, साहेब?" मेहुण्याने विचारलं.

"कंट्रोलर. मुख्य भाग तोच असतो."

साहेबांनी रुमाल काढला आणि पाणबुड्याचा हात लागला होता तिथे कंट्रोलर पुसला. मग जिथे लागला नव्हता तिथेही पुसला. स्वतः बटण दाबलं. दिवा स्थिर. टॅबलेट ढिम्म.

"तुझ्या हातांची ओल गेली आत."

"माझे हात कोरडे आहेत, साहेब."

"आत्ता असतील. सवय ओली आहे." साहेबांनी वही उघडली आणि बोलत बोलत लिहिलं, "चालक अपात्र. काम जुन्या पद्धतीने." मग घड्याळ पाहिलं. "पाच वाजता मला वर फोटो पाठवायचाय, चौकातलं तुंबलेलं पाणी उतरल्याचा. चल, बांध दोरी."

"आत गॅस आहे साहेब," मेहुणा म्हणाला.

"मग तोंड बंद ठेवायचं. आता हेही मीच शिकवू?"

पाणबुड्याने शर्ट काढला, घडी घालून झाकणावर ठेवला. मेहुण्याने त्याच्या कमरेला दोरी बांधली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. साहेबांनी कंट्रोलर पाणबुड्याच्या हातात कोंबला, "हे डब्यात ठेव आधी." डब्यात ठेवताना पाणबुड्याचा अंगठा लाल बटणावर पडला.

मागे उभी असलेली साहेबांची जीप गुरगुरली.

जीपमध्ये कोणीही नव्हतं. इंजिन बंद होतं.

पाणबुड्याने अंगठा उचलला. जीप गप्प. पुन्हा टेकवला. जीप गुरगुरली, टायर किंचाळले, हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि जीपच्या स्पीकरमधून एका बाईने लाडात विचारलं, "वा, बिजली बादशहा! आज कोणाला धूळ चारणार?"

मेहुण्याने जीपच्या खिडकीतून आत पाहिलं. सीटवर साहेबांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. फोनवर एक लाल गाडी वाट पाहत होती.

"दाजी, दाबा अजून."

पाणबुड्याने दाबलं.

"तिसऱ्या नंबरवर आहात," स्पीकरमधली बाई म्हणाली.

साहेबांनी मान खाजवली. "भाच्याचा खेळ आहे तो."

"भाचे बादशहा आहेत होय," मेहुणा अदबीने म्हणाला.

साहेब जीपपाशी गेले. फोनने विचारलं, हा कंट्रोलर विसरायचा का? साहेबांनी हो म्हटलं. फोन लगेच विसरला. मेहुणा विसरणाऱ्यातला नव्हता. त्याने पुस्तिका गुडघ्यावर उघडी ठेवली आणि बटण दाबून धरलं. पाचपर्यंत मोठ्याने मोजलं, शाळेत मोजतात तसं. टॅबलेटवर हिरवी खूण उमटली. खेकड्याने पंजा उघडला, मिटला.

साहेबांनी वहीत "अपात्र" खोडून वर लिहिलं, "चालकाला जागेवर प्रशिक्षण दिले."

पाणबुड्याने कमरेची दोरी सोडली आणि खेकड्याच्या कडीला बांधली. यंत्र असलं म्हणून काय झालं, खाली अडकलं तर ओढून काढायला दोरी लागतेच. शर्ट घालून तो कंट्रोलर घेऊन बसला. मेहुण्याने टॅबलेट त्याच्यासमोर धरला. दोरीचं दुसरं टोक रस्त्यावर पडून राहिलं.

"धरा साहेब," पाणबुड्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "दोन्ही हातांनी. आणि सैल सोडू नका."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. तिसरं कोणी नव्हतं. त्यांनी रुमाल काढला, दोरीला गुंडाळला आणि ती धरली. खेकडा काठावरून खाली गेला तसा दोरीला ताण बसला. जुन्या दोरीतलं काळं पाणी पिळून निघालं आणि रुमालातून साहेबांच्या बाहीत उतरलं.

"बादशहा," जीपमधली बाई म्हणाली, "तुमची गाडी उभी आहे. बाकीचे सगळे पुढे गेले."