राज्यपालांच्या बंद पेट्या

"बाई, कुलूप काढा! पेट्या माझ्या, कागद माझे!" माजी राज्यपाल अमृतराव ढमढेऱ्यांनी अभिलेखागाराच्या टेबलावर काठी आपटली.

तिथल्या प्रमुख बागवेबाई चष्मा पुसत राहिल्या. "कागद देताना अट तुम्हीच घातलीत, साहेब. तुमच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी पेट्या उघडायच्या. तोवर कुणालाही दाखवायच्या नाहीत."

"अहो, माझ्याच पक्षातल्या त्या कडूसकरानं आत्मचरित्रात लिहिलंय की राज्यपालपदासाठी मी त्याचे पाय धरले! धरले त्यानं माझे. फोटो आहे आत. तो पत्रकारांना दाखवला नाही, तर राज्यभर छी-थू होईल माझी!"

"होऊ दे की. तुम्ही मंत्री असताना, माझी बदली थांबवा म्हणून मीही तुमचे पाय धरले होते. तो फोटो नाही काढलात?"

आता पुढचं ऐका, आणि मला खोटारडा म्हणू नका. साहेब तडक नगरपालिकेत गेले. नगराध्यक्ष जुना चेला. त्यानं साहेबांच्या हातात साहेबांच्याच मृत्यूचा दाखला ठेवला, सही-शिक्क्यासकट.

साहेबांनी तो बाईंच्या पुढ्यात फेकला. "घ्या! मेलो मी. उघडा!"

बाईंनी दाखला नीट वाचला, नोंदवून घेतला आणि हात जोडले. "वाईट झालं, साहेब. आता वीस वर्षांनी या."

बातमी फुटली. कडूसकरानं लगोलग शोकसभा घेतली. साहेब मागच्या खुर्चीत दात खात बसले होते, आणि व्यासपीठावर कडूसकर डोळे पुसत सांगत होता, "काय माणूस होता! शेवटपर्यंत माझे पाय सोडले नाहीत हो!"