मीटरचा लाल दिवा

भेस्तानच्या सोसायटीत खाली मीटरपाशी उभे राहून खैरनार सर घरातलं काय किती वीज खातं ते पाहत होते. वर त्यांची बायको शैला फोन कानाला लावून एकेक बटण बंद करत होती. शेवटी तिनं मेन स्विचही बंद केला. तरी मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकतच होता.

“अजून काय चालू आहे?”

“काही नाही हो. धावपळीनं छातीत धडधडतंय नुसतं.”

“जरा बस बघू.”

ती बसली. दिव्याची लुकलुक हळूहळू संथ झाली. सरांच्या अंगावर काटा आला.

“आता बरं वाटतंय,” शैला म्हणाली. “थोडी पडते.”

दिवा एकदा लुकलुकला. मग बऱ्याच वेळानं आणखी एकदा.

“शैला, उठ,” सर ओरडले.

दिवा विझला. फोन चालूच होता.