कुंपणापलीकडची विहीर

मोहनलालच्या संडासाचा पाइप फुटला. नवा पाइप शोषखड्ड्यापर्यंत न्यायचा तर अंगणातली नवी फरशी फोडावी लागणार होती. त्यानं तो कुंपणापलीकडेच सोडायला लावला, शेजारच्या देवीदासच्या विहिरीजवळ. मिस्त्री घुटमळला.

"कायले भेतेस? त्या लोकाइच्या विहिरीचं पाणी आपल्या घरी कोन पेते?"

पावसाळ्यात देवीदासची लेक पिंकी हगवणीनं दवाखान्यात भरती झाली. मोहनलालनं पाइप तसाच राहू दिला. मग त्याचाच नातू तिच्या बाजूच्या खाटेवर आला.

"पाणी कुठलं पिता?" डॉक्टरनं विचारलं.

"घरच्या बोरचं," मोहनलाल ठसक्यात म्हणाला.

बायको पदराआडून पुटपुटली, "बोरच्या पाण्यात दाळ शिजत नाही जी. प्याचं-रांधाचं पाणी पयलेपासून देवीदासच्याच विहिरीचं येते."